कर्कशतेवरून कसूर ठरविणाऱ्यांस

यंत्राच्या घरघराटाविषयी तक्रार उद्भवली म्हणजे तिचा निकाल लावण्याची जी रीत आपल्याकडे खेड्यातल्या गिरणीवाल्यापासून मोठ्या कारखान्याच्या देखभाल-खात्यापर्यंत जवळजवळ एकमताने चालत आली आहे, ती थोडक्यात अशी : ज्या ठिकाणी आवाज सर्वांत मोठा ऐकू येतो, अथवा ज्या भागावर हात ठेवला असता तो सर्वांत अधिक थरथरतो, तेथेच दोष आहे असे समजावे, शंका उरल्यास संशयित यंत्र बंद करून पाहावे, आवाज थांबला तर त्याचा कसूर शाबीत झाला आणि न थांबला तर ते निर्दोष सुटले असे मानावे, आणि एवढ्यानेही त्रास कायम राहिला तर यंत्राखाली रबराची पट्टी सरकवून प्रकरण दप्तरदाखल करावे. या रीतीचा कैवार घेणारे लोक मूर्ख नाहीत. त्यांपैकी कित्येकांचा हात यंत्रावरून उभी हयात फिरलेला असतो, आणि पुस्तकी पांडित्यापेक्षा अनुभवाचे वजन अधिक, हे त्यांचे म्हणणे एरवी मान्य करण्यास आमची ना नाही. परंतु प्रस्तुत बाबतीत त्यांचा अनुभव खरा असला तरी त्या अनुभवाचा त्यांनी लावलेला अन्वय सदोष आहे, आणि वरील तीन कलमांपैकी एकही कलम छाननीस उतरत नाही, असा आमचा दावा आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे घेऊ. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या सडकेवर, तोरण्याच्या छायेतल्या कानंद खोऱ्यात, विंझर नावाचे गाव आहे. हा सारा मुलूख भाताचा. तेव्हा तेथे पत्र्याच्या छपराखाली, सिमेंटच्या कोब्यावर एक भातगिरणी चालते आहे अशी कल्पना करण्यास कोणाची हरकत नसावी. वीज असेल तेव्हा मोटर, नसेल तेव्हा डिझेल इंजिन, लांब पट्ट्यावर फिरणारा हलर, कोंडा उडविणारा पंखा, आणि इंजिनाचा धूर बाहेर नेणारा लोखंडी नळ, जो जाता जाता छपराच्या कैचीला पट्टीने आवळून टाकलेला आहे. शेजाऱ्यांची फिर्याद अशी, की सुगीच्या दिवसांत रात्र पडली तरी छप्पर कडकडत राहते व झोप लागत नाही. मिस्त्री येतो, चारही कोपऱ्यांत कान देतो, पत्र्याखालीच आवाज सर्वांत मोठा आहे असे त्याला आढळते (आणि ते खरेही असते), पत्र्याचे हूक आवळले जातात, चार दिवस शांततेत जातात, आणि मग तोच कडकडाट शेजारच्या पत्र्यातून सुरू होतो. यावर मालकाला मिळणारा सल्ला ठरलेला : पत्रे जुने झाले, बदला.

या ठिकाणी प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की आवाजाच्या प्रत्येक प्रकरणात पक्षकार तीन असतात : एक, जो धक्का देतो तो, दुसरा, जो तो धक्का वाहून नेतो तो, आणि तिसरा, जो तो हवेच्या स्वाधीन करतो तो. हे तिघे एका जागी राहतात असा कोठलाही नियम नाही. मिरजेच्या कारागिराने घडविलेला तंबोरा समोर घ्या. छेडली जाते ती तार. पण बारीक तार हवेला कापून जाते, ढकलू शकत नाही, म्हणून तिचा स्वतःचा आवाज हातभर अंतरावर मरून जातो. तिचे कंपन घोडीवरून तबलीत व भोपळ्यात उतरते, आणि सारी मैफल ऐकते तो ध्वनी या रुंद पृष्ठभागांनी हवेत सोडलेला असतो. तंबोरा बेसूर लागला तर भोपळा बदलण्याचा हुकूम देणारा गवई अद्याप आमच्या पाहण्यात नाही. गिरणीत मात्र नेमके तेच चालते.

आता आकडे पाहा. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या एका सिलिंडरच्या चार-टप्पी इंजिनात दर दोन फेऱ्यांस एक स्फोट होतो, म्हणजे मिनिटाला ७५०, अर्थात सेकंदाला साडेबारा. आणि मनुष्याच्या कानाची खालची मर्यादा सामान्यतः सेकंदाला वीस कंपनांची धरतात. म्हणजे ज्या मूळ धक्क्याने सगळी इमारत हलते, तो कानाला ध्वनी म्हणून कळतच नाही. तोच धक्का नळावाटे कैचीत व कैचीतून सैल पत्र्यात गेला, की पत्रा प्रत्येक धक्क्यासरशी हुकावर आपटतो, आणि त्या आपटण्यातून शेकडो व हजारो कंपनसंख्यांचे जे मिश्रण बाहेर पडते, त्याला मात्र आपला कान अत्यंत तीक्ष्ण असतो. ध्वनिमापकात कानाच्या या स्वभावाची जी प्रमाणभूत सवलत बसविलेली असते, तिच्यात १०० कंपनांच्या ध्वनीला १००० कंपनांच्या ध्वनीपेक्षा सुमारे १९ डेसिबेल कमी लेखले जाते, यावरून हा पक्षपात किती मोठा आहे ते कळेल. सारांश, मारणारा अबोल आणि मार खाणारा बोलका असा हा मामला आहे, आणि मोठ्या आवाजावरून गुन्हेगार ठरविणे म्हणजे जो ओरडला त्यालाच कैद करणे होय.

'कान फसेल, पण हात फसणार नाही,' असे यावर म्हटले जाते. हात कानाहूनही अधिक फसतो. हाताला प्रामुख्याने जाणवते ते पृष्ठभागाचे पुढे-मागे सरकणे, आणि ध्वनी ठरतो तो मुख्यत्वे त्या सरकण्याच्या वेगावर. एकच कंपनवेग असलेले दोन भाग घेतले, एक सेकंदाला २५ व दुसरा ५०० कंपने करणारा, तर पहिल्याचे सरकणे दुसऱ्याच्या वीसपट असते, त्यामुळे हात पहिल्याला दोषी धरतो आणि कानठळ्या मात्र दुसऱ्याने बसलेल्या असतात. शिवाय एखादा भाग जास्त थरथरतो याचे कारण पुष्कळदा इतकेच असते, की त्याची स्वाभाविक कंपनसंख्या यंत्राच्या फेऱ्यांशी जुळलेली आहे. त्याला ढकलणारी शक्ती दुसरीकडूनच, आणि तीही क्षुल्लक, आलेली असते. क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पत्र्यावर वाळू पसरून कडेला गज घासला, की वाळू काही रेषांवर निपचित गोळा होते व बाकी पत्रा सळसळत राहतो. थरथरीचा जोर कोठे पडेल हे पत्र्याच्या घडणीवर ठरते. गजाच्या जागेचा दाखला त्या आकृतीत शोधून सापडत नाही. ही गोष्ट सव्वादोनशे वर्षांपूर्वी सिद्ध झाली असूनही आजतागायत हाताच्या पंज्यावर निवाडे होत आहेत.

आता 'बंद करून पाहा' या दुसऱ्या कलमाकडे वळू, कारण तिन्हींत ते सर्वांत शास्त्रीय दिसते आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. गिरणीत सारख्याच आवाजाची दोन यंत्रे आहेत असे धरा. त्यांपैकी एक बंद केले तर ध्वनीची शक्ती निम्मी होते. पण शक्ती निम्मी होणे म्हणजे डेसिबेलच्या मापात फक्त ३ ची घट, आणि एवढी घट सावध ऐकणाऱ्यालाही जेमतेम जाणवते. मिस्त्री म्हणतो, 'काही फरक नाही, हे यंत्र निर्दोष.' मग ते चालू करून दुसरे बंद करतात. पुन्हा ३ डेसिबेल, पुन्हा तोच निकाल. यंत्रे तीन असतील तर एकाच्या बंद होण्याने १.८ डेसिबेलचीही घट होत नाही. अशा रीतीने ज्या दोघांनी अथवा तिघांनी मिळून सारा उपद्रव केला, ते सगळेच्या सगळे पुराव्याअभावी निर्दोष सुटतात!

याच्या उलट प्रकारही तितकाच बोधप्रद आहे. दोन मोटरी आहेत, एकीचे फेरे मिनिटाला १४४० व दुसरीचे १४३४. या सहा फेऱ्यांच्या तफावतीमुळे दोघींचे धक्के कधी एकमेकांच्या भरीस पडतात व कधी एकमेकांस खोडतात, आणि दर दहा सेकंदांस आवाज एकदा घुमून येतो व एकदा ओसरतो. शेजारी या येण्याजाण्यालाच सर्वाधिक कंटाळलेले असतात. आता कोणतीही एक मोटर बंद करा, ते घुमणे तत्काळ थांबते. म्हणजे जी प्रथम बंद कराल ती दोषी. एकच परीक्षा एके ठिकाणी सर्वांना सोडून देते आणि दुसरे ठिकाणी जो हाती लागेल त्याला शिक्षा ठोठावते. अशा परीक्षेला न्यायाचे नाव देणे धाडसाचे आहे. त्यातच हलरचा पट्टा उतरविला की इंजिनावरचा भार जातो, गव्हर्नर इंधन तोडतो, आणि खुद्द इंजिनाचाच आवाज पालटतो. म्हणजे ज्या साक्षीदाराची उलटतपासणी चालली आहे तोच मधल्या मध्ये बदलला, हे कोणाच्या गावीही नसते.

बंद करण्याच्या क्रियेतून खरे ज्ञान मिळत नाही असे मात्र नाही. ते मिळते, पण बंद झाल्यावर काय उरले यात ते नसून बंद होता होता काय घडले यात असते. मोटरचा खटका ओढताच जो गुणगुणाट त्याच क्षणी, फेरे अजून पुरते चालू असताना, नाहीसा होतो, तो विद्युत्-चुंबकीय समजावा. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर त्याची कंपनसंख्या बहुधा १०० असते. जो आवाज फेऱ्यांबरोबर हळूहळू उतरत जातो, तो फिरणाऱ्या भागांचा. आणि जो कंप फेरे उतरत असताना मध्येच एका टप्प्यावर एकदम उसळून पुन्हा बसतो, त्याने आपली स्वाभाविक कंपनसंख्याच जाहीर केलेली असते. इंजिन थांबण्यापूर्वी क्षणभर अंगभर हिसका देते हे प्रत्येक गिरणीवाल्याने पाहिलेले आहे. त्या हिसक्यात केवढी माहिती भरलेली आहे ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

रबराच्या पट्टीविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे, कारण येथे चूक केवळ निदानाची न राहता उपायच अपाय होतो. रबर कंप 'खाते' ही समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः लवचीक आधाराचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा यंत्राची कंपनसंख्या त्या आधारावरील त्याच्या स्वाभाविक कंपनसंख्येच्या १.४१ पटीहून अधिक असते. त्याखाली आधार कंप वाढवितो. ही स्वाभाविक संख्या काढणे सोपे आहे : यंत्राच्या वजनाने आधार जितके मिलिमीटर दबतो त्याच्या वर्गमुळाने १५.८ या आकड्यास भागावे. जुन्या टायरची कापून घातलेली टणक पट्टी अर्धा मिलिमीटर दबली तर उत्तर येते सुमारे २२. इंजिनाचे फेरे सेकंदाला २५. दोहोंचे गुणोत्तर १.१२ च्या आसपास. आणि रबराचे स्वतःचे शोषण सोडून दिले तर जमिनीत जाणारा धक्का जवळजवळ चौपट होतो. तोच आधार ४ मिलिमीटर दबणारा निवडला असता तर हा धक्का नवव्या हिश्शावर आला असता, जरी स्फोटांच्या साडेबारा कंपनांना त्यानेही दोन-तृतीयांशाहून खाली उतरविले नसते. आणि समजा, आधार अचूक निवडला. पण धुराचा नळ कैचीला आवळलेला आहे तसाच ठेवला, तर काय साधले? खालची वाट अडविली आणि वरची वहिवाट मोकळी सोडली. विंझरच्या आपल्या कल्पित गिरणीत छप्पर कडकडते ते या नळावाटे. त्या एका पट्टीच्या जागी लवचीक टांगणी आणि नळाच्या मुळाशी पन्हाळीदार लवचीक तुकडा बसविला असता पत्रे जुनेच ठेवून भागले असते.

या चर्चेला केवळ गिरणीच्या कटकटीचे मोल आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी याच वेल्हे तालुक्यातल्या, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात त्यातल्या, आंबी नदीवरील पानशेतच्या धरणाचे स्मरण करावे. १२ जुलै १९६१ रोजी ते मातीचे धरण फुटले, त्यामागोमाग खडकवासल्याचे धरणही गेले, आणि पुणे शहरावर जो प्रसंग ओढवला तो सर्वविदित आहे. धरण-बांधणीच्या ग्रंथांत या अपघाताची जी मीमांसा आढळते, तिच्यात मुख्य दोष भरावाच्या पोटातून जाणाऱ्या पाण्याच्या निकास-मोरीकडे दिला जातो : दरवाजाची यंत्रणा अपुरी राहिलेली, त्यातून पाणी अस्थिर प्रवाहाने हिसके देत वाहणारे, त्या अखंड धक्क्यांनी मोरीच्या बांधकामास तडे गेलेले, आणि त्या तड्यांतून माती वाहून गेल्याने वरचा भराव खचत गेलेला. डोळ्यांना दिसत होते ते माथ्याचे खचणे. आणि ते खचणे भरून काढण्यासाठी लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचली. त्या श्रमाविषयी एक अक्षरही उणे काढण्याचा आमचा अधिकार नाही. त्यांनी मिळवून दिलेला वेळ अमोल होता. परंतु लक्षण माथ्यावर आणि कारण कित्येक मीटर खाली, कंपाने जर्जर झालेल्या मोरीत, ही वस्तुस्थिती तेवढ्याने बदलत नाही. जेथे दिसते तेथेच शोधावे, या न्यायाची किंमत याहून ठळक आकड्यात या तालुक्याला कोणी सांगण्याची गरज नाही.

जुन्या रीतीच्या कैवाऱ्यांना इतके सुनावल्यावर नव्या उपकरणांच्या भक्तांनी खूश होण्याचे कारण नाही. अलीकडे शंभरेक सूक्ष्म ध्वनिग्राहक एका चौकटीत बसवून यंत्राच्या छायाचित्रावर आवाजाचे तांबडे-पिवळे डाग उमटविणारा 'ध्वनिकॅमेरा' निघाला आहे, आणि तो रोखला की अपराधी आपोआप पकडला जातो असे त्याचे विक्रेते सांगतात. डाग उमटतो तो आवाज हवेत सोडणाऱ्याचा. धक्का देणाऱ्याचा तो असेलच असे नाही. म्हणजे मिस्त्रीचा कान जे सांगत होता तेच हा कॅमेरा रंगीत करून सांगतो. शिवाय १०० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या घरात असते. मीटरभर रुंदीच्या चौकटीला अशा तरंगाची दिशा नीट उमगत नाही, सारी गिरणीच एका डागाखाली बुडून जाते, आणि कोऱ्या भिंतीवरून परतलेला आवाज भिंतीतच उगम असल्यासारखा दिसतो. ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे ते लोक याबाबतीत अधिक विनम्र असतात. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेल्या वाहन-संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रतिध्वनिरहित दालने आहेत. पण या विद्येतली एक जुनी, कष्टाची व भरवशाची पद्धत अशी, की सबंध इंजिन काचलोकर व शिशाच्या पत्र्यात गुंडाळावे आणि एका वेळी एकच भाग, आज तेलाचे कुंड, उद्या दातेरी चक्रांचे झाकण, उघडा ठेवून त्याचा हिस्सा मोजावा. येथे यंत्र चालूच राहते, त्याचा भार बदलत नाही, आणि वर सांगितलेला ३ डेसिबेलचा घोटाळा उद्भवत नाही. कंप नेणारी वाट कोणती हे ठरवायचे असेल तर दोन ठिकाणी कंपमापक चिकटवून कोणता भाग कोणत्या कलेत हलतो ते पाहावे लागते. यांपैकी कशालाही रंगीत डागाची मोहिनी नाही.

मग जुन्या मिस्त्रीचे निदान इतके वेळा बरोबर कसे निघते, हा प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते बरोबर निघते, कारण तो तोंडाने 'कोठे' म्हणत असला तरी कानाने 'केव्हा' आणि 'किती वेळा' हेच विचारत असतो. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी व टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून तो ऐकतो तेव्हा हवेतला गोंगाट वगळून धातूतूनच आलेली साक्ष घेतो. टकटक फेऱ्याला एकदा की दोन फेऱ्यांना एकदा, भार टाकल्यावर वाढते की घटते, हे तो नकळत ताडतो. या विद्येला आकड्यांची जोड मिळाली तर ती दुर्जय होईल. २०० मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर ६ मीटर लांबीचा पट्टा १४४० फेऱ्यांनी धावत असेल तर त्याचा सांधा मिनिटाला सुमारे १५० वेळा पुलीवरून जातो. साध्या घड्याळावर हे ठोके मोजता येतात, आणि १५० भरले तर दोष सांध्यात आहे हे जागेवरून न हलता कळते. ९ गोळ्यांचे ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग त्याच फेऱ्यांवर बाहेरच्या कड्याला खळगा पडल्यास सेकंदाला ८६ ठोके देते, आतल्या कड्याला पडल्यास १३०. आवाजाची जागा लपविता येते, भिंतीमागे ढकलता येते, छपरावर ढकलता येते. त्याची संख्या मात्र ज्या अवयवाने त्याला जन्म दिला त्याच्याच मुद्रेने चलनात येते.

खेड्यातल्या गिरणीवाल्याला हे सोपस्कार परवडणार नाहीत, अशी एक सबब शेवटी पुढे येते. वर सांगितलेल्यांपैकी खटका ओढून कान देणे, थांबतानाचा हिसका पाहणे, पट्ट्याचे ठोके मोजणे, नळाची पट्टी क्षणभर सैल करून फरक ऐकणे, यांना एक कवडीही पडत नाही. पडते ती पत्रे बदलण्याला. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेलची जी मर्यादा आहे, ती आवाज किती एवढेच विचारते, कोणत्या अवयवाचा हे विचारत नाही. तेव्हा तो तपास मालकानेच करावयाचा आहे.

याउपर एक आक्षेप असा येईल, आणि तो येतोच, की नळ सोडविला, पत्रा शांत झाला, आणि दुसऱ्याच दिवशी मोटरच्या बाजूने एक नवी करकर सुरू झाली. म्हणजे तुमच्या उपायाने नवा दोष जन्माला घातला. ही करकर नवी नसते. पत्र्याच्या कडकडाटाहून दहा डेसिबेलने हलका असलेला आवाज एकूण बेरजेत अर्ध्या डेसिबेलचीही भर घालत नाही, म्हणून बेअरिंगची ती करकर महिनोन्महिने तेथेच असून कोणाच्या कानी गेली नव्हती. आता ती ऐकू आली आहे. मिस्त्रीला पुन्हा बोलवावे, आणि त्याने छपराकडे पाहण्यापूर्वी तिचे ठोके मोजावेत.